कारखान्यात परवडणारी आणि टिकाऊ घरे कशी घडवावीत: मागणीपासून सांध्यापर्यंत

कारखाना उभारला की घरे आपोआप स्वस्त होतात, हा समज सर्वांत आधी बाजूला ठेवावा लागतो. अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे लस्ट्रॉन कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादी घरे बनवायला घेतली. सरकारने तिला कोट्यवधी डॉलरचे कर्ज दिले, तरीही सुमारे अडीच हजार घरांनंतर १९५० मध्ये ती बंद पडली. त्याच देशात २०१५ मध्ये सुरू झालेल्या कटेरा कंपनीने जवळपास दोन अब्ज डॉलरचे भांडवल गोळा केले आणि जून २०२१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडेही फाळणीनंतरच्या घरटंचाईच्या काळात दिल्लीतील जंगपुरा येथे केंद्र सरकारने घरांचा कारखाना काढला होता. त्यातील हलक्या काँक्रीटच्या पॅनेलना तडे गेले, घरांची योजना फसली आणि पुढे तो कारखाना इतर काँक्रीट वस्तू बनवून टिकला. याउलट सिंगापूरचे गृहनिर्माण मंडळ अनेक दशके कारखान्यातील भाग वापरून चांगली घरे बांधत आले आहे. दोन्हीकडे यंत्रे आहेत, अभियंतेही आहेत. फरक पडतो तो अखंड आणि एकसारख्या मागणीमुळे, आणि जोडकामाच्या शिस्तीमुळे. नगरपालिकेचे अभियंते, गृहनिर्माण सहकारी संस्था आणि मध्यम आकाराचे विकासक यांना आपल्या परिस्थितीत ही गोष्ट कोणत्या क्रमाने करता येईल, ते येथे मांडले आहे. भर मुख्यतः प्रीकास्ट काँक्रीटवर, म्हणजे आधीच साच्यात ओतून तयार केलेल्या आणि जागेवर आणून जोडायच्या काँक्रीटच्या तुकड्यांवर आहे, कारण महाराष्ट्रात त्याचाच अनुभव सर्वाधिक आहे.

पहिले काम: मागणीचा हिशेब

यंत्रांचे कोटेशन मागवण्यापूर्वी घरांची संख्या आणि त्यांचा कालावधी कागदावर मांडावा. समजा, ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची ४८० घरे बारा महिन्यांत उभी करायची आहेत, आणि एका घराला भिंती, स्लॅब, जिन्याचा व मार्गिकेचा वाटा धरून सरासरी १८ तुकडे लागतात. एकूण तुकडे ८,६४० होतात. महिन्याला २५ दिवस काम धरले, तर रोज सुमारे २९ तुकडे साच्यातून निघाले पाहिजेत. साचा दिवसातून एकदाच मोकळा होत असेल तर तेवढे साचे लागतील. चोवीस तासांत दोनदा मोकळा करता आला तर निम्मे पुरतील. आता हाच कारखाना केवळ १२० घरांसाठी उभारला, तर त्याचे सारे काम ७५ दिवसांत संपते आणि त्यानंतर साचे, क्रेन, शेड आणि पगार यांचा खर्च रिकाम्या जागेवर चालू राहतो. कारखान्यातील घर महाग पडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि ते तंत्रज्ञानाशी संबंधित नाही.

म्हणून लहान प्रकल्प असेल, तर स्वतःचा कारखाना काढू नये. त्यापेक्षा आसपासच्या दोन-तीन नगरपालिकांनी किंवा संस्थांनी एकाच आराखड्यावर सहमत होऊन एकत्रित मागणी नोंदवावी, अथवा चालू कारखान्याकडून तुकडे विकत घ्यावेत. तेही शक्य नसेल आणि इमारती उंच व एकसारख्या असतील, तर ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंत आणि स्लॅब जागेवरच एकसंध ओतण्याची पद्धत, जिला आपल्याकडे सर्रास माइवान म्हणतात, ती अधिक शहाणपणाची ठरते. तिथे कारखान्यात फक्त साचा तयार होतो, वाहतूक जवळपास नसते आणि सांधेही कमी असतात. प्रीकास्टचा आग्रह केवळ ते आधुनिक दिसते म्हणून धरणे रहिवाशांना परवडत नाही.

नकाशा साच्यासाठी काढावा

नेहमीच्या पद्धतीने काढलेला नकाशा नंतर तुकड्यांत कापला, की काम बिघडते. नकाशा पहिल्या दिवसापासून साचा डोळ्यांसमोर ठेवून काढला पाहिजे. मजल्याची उंची एकच ठेवावी. खोल्यांची मापे १०० मिलिमीटरच्या पटीत धरावीत. खिडक्यांची दोन मापे आणि दारांची दोन मापे पुरेशी असतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय एकाच नळभिंतीला लागून असावे, म्हणजे पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप एका जागी येतात आणि ज्या स्लॅबला भोके लागतात असे स्लॅब मोजकेच राहतात.

एक बारकावा वास्तुविशारदांच्या लक्षात बहुधा उशिरा येतो. शेजारची दोन घरे आरशातील प्रतिमेसारखी उलटसुलट काढण्याची आपल्याला सवय आहे. कागदावर ते एकच घर वाटते. पण कारखान्यात डावी भिंत आणि उजवी भिंत हे दोन वेगळे तुकडे असतात, कारण दाराची चौकट, वायरिंगचे डबे आणि उचलण्याचे हूक उलट बाजूला येतात. तेच घर आरशासारखे उलटवण्याऐवजी १८० अंशांत फिरवून ठेवले, तर एकच साचा चालतो. अशा साध्या निर्णयाने तुकड्यांचे प्रकार निम्म्यावर येऊ शकतात, आणि प्रकार कमी झाले की साच्यांचा खर्च, चुका आणि यार्डातील शोधाशोध हे सारेच कमी होते.

एकसारखेपणा म्हणजे रुक्षपणा नव्हे, हेही येथे सांगायला हवे. घराच्या आतील तुकडे सारखे ठेवून गॅलरी, कठडे, जिन्याची जागा आणि इमारतींची मांडणी यांत वेगळेपणा आणता येतो. स्वीडनमध्ये १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत सुमारे दहा लाख घरे बांधली गेली. त्यांच्यावर पुढे झालेल्या टीकेचा बराचसा रोख कंटाळवाण्या मांडणीवर आणि इमारतींमधल्या मोकळ्या, ओसाड जागांवर होता. चौक, सावली, मुलांना खेळायला जागा आणि ज्येष्ठांना बसायला कट्टा यांचा विचार साच्यांइतकाच लवकर व्हावा.

नकाशा मंजूर झाल्यावर तो गोठवावा. विजेचा प्रत्येक बिंदू, पंख्याचा हूक, गॅसच्या नळीचे भोक आणि पाइपची वाट काँक्रीट ओतण्यापूर्वी ठरलेली असावी. पारंपरिक कामात वायरमन नंतर छिन्नीने भिंत खोदतो. प्रीकास्ट भिंतीत तसे केले तर सळई उघडी पडते आणि भार वाहणारी भिंत दुबळी होते.

पद्धत निवडताना

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत प्रत्येकी सुमारे हजार घरांच्या लाइटहाउस, म्हणजे नवी बांधकाम तंत्रे प्रत्यक्ष दाखवणाऱ्या, प्रकल्पांची पायाभरणी केली. तुलनेसाठी ते उपयोगी आहेत. इंदूरला सँडविच पॅनेल (दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा असलेली), राजकोटला भिंती व छत एकदमच ओतणाऱ्या टनेल साच्यातील एकसंध काँक्रीट, चेन्नईला प्रीकास्ट भाग जागेवर जोडण्याची पद्धत, रांचीला पूर्ण खोलीच कारखान्यात ओतून आणण्याची पद्धत, आगरताळ्याला हलक्या पोलादी चौकटी आणि लखनऊला आतच राहणारा पीव्हीसी साचा वापरण्यात आला. निर्णय घेणाऱ्या समितीने माहितीपत्रकांवर विसंबण्याऐवजी यांपैकी दोन-तीन ठिकाणी जाऊन, शक्यतो पावसाळ्यात, राहत्या घरांच्या भिंती, न्हाणीघरांखालची छते आणि खिडक्यांचे कोपरे स्वतः पाहावेत.

महाराष्ट्रात दोन परंपरा विशेष अभ्यासण्यासारख्या आहेत. वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के यांनी पुण्यात स्वीडिश तंत्राने सिपोरेक्स हे हलके काँक्रीट बनवायला सुरुवात केली आणि थ्री-एस ही पद्धत रुजवली. तिच्यात कॉलम आणि बीम कारखान्यातून येतात, त्यांवर स्लॅबचे तयार तुकडे बसतात आणि सांधे स्वतःहून पसरणाऱ्या काँक्रीटने भरले जातात. चौकट स्वतंत्र असल्यामुळे आतल्या भिंती हलक्या ठेवता येतात. दुसरी परंपरा मोठ्या भार वाहणाऱ्या पॅनेलची. नवी मुंबईत सिडकोच्या गृहयोजनेत बामणडोंगरी येथे २०२२ मध्ये ९६ घरांची बारा मजली इमारत ९६ दिवसांत उभी राहिली, ती प्रीकास्टमुळेच. हा वेग खरा आहे. पण त्यामागे आधीपासून चालू असलेला कारखाना आणि हजारो घरांची मागणी होती, हे त्या आकड्यासोबतच सांगायला हवे.

चार-पाच मजल्यांपर्यंतच्या इमारतींसाठी माझा कल पॅनेलच्या भिंती आणि अर्धवट प्रीकास्ट स्लॅब यांच्याकडे आहे. अशा स्लॅबमध्ये खालचा पातळ थर कारखान्यातून येतो आणि वरचा थर सळई टाकून जागेवर ओतला जातो. त्यामुळे सेंट्रिंग जवळपास लागत नाही, आणि तरीही संपूर्ण मजला एकसंध होऊन भूकंपात भिंतींना धरून ठेवतो. पूर्ण खोली कारखान्यातून आणण्याचे आकर्षण मोठे असले, तरी आपल्या रस्त्यांवर वाहनाची रुंदी साधारणतः २.६ मीटरपर्यंतच मर्यादित असल्याने त्याहून रुंद खोलीसाठी दर फेरीला विशेष परवानगी लागते. भिंत मात्र कलत्या घोड्यावर, म्हणजे तिरक्या आधार-चौकटीवर, उभी ठेवून साध्या ट्रेलरवरून नेता येते.

कारखान्यातील शिस्त

कारखाना म्हणजे अवाढव्य स्वयंचलित यंत्रणाच असावी असे नाही. प्रकल्पाच्या जवळ सपाट काँक्रीटची जमीन, वर पावसापासून आडोसा, पोलादी कलती टेबले, एक गँट्री क्रेन, काँक्रीटचा प्लांट आणि चाचणीची प्रयोगशाळा एवढ्यावर उत्तम काम होऊ शकते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावरचे बांधकाम रेंगाळते. छपराखालचे काम त्या महिन्यांत थांबत नाही, कामगारांनाही सलग आणि कमी धोक्याचा रोजगार मिळतो. हा लाभ हिशेबात क्वचितच धरला जातो, आणि तो धरायला हवा.

साचा साफ करून त्याची लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण जुळले नाहीत तर तुकडा तिरका निघणार हे नक्की. त्यानंतर सळईची जाळी, आवरणासाठी ठोकळे, विजेच्या नळ्या, उचलण्याचे हूक आणि सांध्याच्या बाह्या (ज्यांत दुसऱ्या तुकड्याची सळई शिरते अशा पोकळ नळ्या) बसवून त्यांची यादी ड्रॉईंगशी ताडावी. यादीवर सही झाल्याशिवाय काँक्रीट ओतू नये. साचा लवकर मोकळा करण्यासाठी वाफेचे क्युरिंग करतात, म्हणजे वाफेच्या उबेने काँक्रीट लवकर पक्के करतात, तेव्हा घाई महागात पडते. ओतल्यानंतर दोन-तीन तास काँक्रीट तसेच राहू द्यावे, तापमान ताशी २० अंशांपेक्षा वेगाने वाढवू नये आणि काँक्रीटच्या आतले तापमान ७० अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये, कारण त्यापलीकडे गेलेल्या काँक्रीटमध्ये काही वर्षांनी आतून फुगून तडे जाण्याचा धोका असतो. थंड करतानाही तीच सावकाशी हवी.

साच्यातून उचलण्याचा क्षण तुकड्याच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीचा असतो. काँक्रीट कोवळे असते आणि साचा त्याला चिकटून धरत असतो. साधारण १५ मेगापास्कलपेक्षा कमी बळ असताना पॅनेल उचलू नये. नेमका आकडा संरचना अभियंत्याने प्रत्येक ड्रॉईंगवर लिहून द्यावा आणि तो त्याच काँक्रीटचा नमुना ठोकळा (क्यूब) फोडून सिद्ध झाल्यावरच हूक लावावा. प्रत्येक तुकड्यावर त्याचा प्रकार, क्रमांक आणि ओतल्याची तारीख पक्क्या रंगात असावी.

वाहतूक आणि उभारणी

तीन मीटर लांब, २.८ मीटर उंच आणि १५० मिलिमीटर जाड भिंतीचे वजन सव्वातीन टनांच्या आसपास भरते. क्रेन निवडताना जवळची क्षमता पाहून फसू नये; बुंध्याजवळ आठ टन उचलणारी टॉवर क्रेन लांबच्या टोकाला दोन-अडीच टनांवर येऊ शकते. म्हणून सर्वांत जड तुकडा सर्वांत लांब कुठे बसणार आहे हे नकाशावर खुणावून मगच क्रेनची जागा ठरवावी. एका तुकड्याला २० मिनिटे लागली, तर दहा तासांत ३० तुकडे बसतात. म्हणजे वरच्या उदाहरणात क्रेन एक तास बंद पडली, तरी कारखान्याचे वेळापत्रक सरकते.

यार्डात भिंती उभ्या आणि स्लॅब आडवे ठेवावेत. स्लॅबच्या थप्पीत प्रत्येक थराखालच्या लाकडी पट्ट्या बरोबर एकमेकींच्या रेषेत असाव्यात. त्या सरकल्या की खालच्या स्लॅबला तडा जातो आणि तो बसवल्यानंतरच दिसतो. ट्रेलर भरताना जो तुकडा आधी बसणार तो शेवटी चढवावा. जागेवर भिंत ठेवण्यापूर्वी तळाची पातळी पॅकिंगने जुळवावी, दोन तिरके आधार लावावेत, ओळंबा तपासावा आणि त्यानंतरच क्रेनचा हूक सोडावा.

सांधे: घराचे खरे आयुष्य येथे ठरते

१६ मे १९६८ रोजी लंडनमध्ये रोनन पॉइंट या २२ मजली नव्या पॅनेल इमारतीच्या अठराव्या मजल्यावर स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला. एक भिंत बाहेर फेकली गेली, तिच्यावरचे मजले आधाराअभावी कोसळले, त्यांच्या वजनाने खालचेही गेले आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा ढासळला. चौघांचा मृत्यू झाला. पॅनेल मजबूत होती. त्यांना एकमेकांशी बांधणारे काही पुरेसे नव्हते. गुजरातमध्ये २००१ च्या भूकंपात प्रीकास्ट शाळांची छते पडली, तेव्हाही छताचे तुकडे भिंतींना आणि एकमेकांना नीट जोडलेले नसल्याचे आढळले. आपल्या घरोघरी गॅस सिलिंडर आहे आणि राज्याचा मोठा भाग भूकंपप्रवण आहे. त्यामुळे सांध्यावरची काटकसर कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.

संरचना अभियंत्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. प्रत्येक मजल्याभोवती अखंड सळईचा पट्टा असावा, भिंतींतून पायापासून गच्चीपर्यंत अखंड उभे बंध असावेत, आणि एखादी भिंत नाहीशी झाली तरी वरचा भाग लटकून राहील याचे गणित केलेले असावे. आराखडा आयएस १५९१६ या प्रीकास्ट काँक्रीटच्या संहितेनुसार आणि भूकंपासाठी आयएस १८९३ व आयएस १३९२० यांच्याशी ताडून केलेला असावा, आणि तो कारखान्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या अभियंत्याने तपासावा.

आराखडा कितीही चांगला असला, तरी बाहीत ग्राउट (पोकळी भरणारे पातळ सिमेंट मिश्रण) भरणारा कामगार आणि त्याच्यावर देखरेख करणारा पर्यवेक्षक यांच्या हातात इमारतीची सुरक्षितता असते. खालच्या भिंतीतून वर आलेली सळई वरच्या भिंतीच्या पोकळ बाहीत शिरते आणि ती पोकळी ग्राउटने भरली जाते. ती अर्धी रिकामी राहिली, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ग्राउट खालच्या भोकातून दाबाने भरावा, वरच्या भोकातून सलग बाहेर येईपर्यंत थांबू नये, प्रत्येक बाहीचे छायाचित्र क्रमांकासह ठेवावे आणि रोजच्या ग्राउटचे नमुने तपासावेत. सळई बाहीत बसत नाही म्हणून ती गॅसकटरने कापण्याचा प्रकार घडतो. असे आढळल्यास काम तिथेच थांबवून अभियंत्याचा लेखी निर्णय घ्यावा. ही कामे नगावर मोबदला ठरवून कधीही देऊ नयेत, कारण नगावरची घाई अशीच अदृश्य जागा गाठते.

दुसरा शत्रू पाणी. कोकण आणि मुंबईच्या पावसात वाऱ्याबरोबर पाणी आडवे येते, त्यामुळे केवळ सीलंटवर, म्हणजे फट बुजवणाऱ्या लवचीक लेपावर, विसंबलेला सांधा काही वर्षांत गळतो. आडव्या सांध्यात आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच ठेवावी, म्हणजे पाण्याला चढून आत येता येत नाही. उभ्या सांध्यात मागे पोकळ खाच ठेवून आत शिरलेले पाणी खाली बाहेर काढावे. त्यानंतर फोमची दोरी आणि बाहेरून लवचीक सीलंट. खिडकीवरचा छज्जा त्याच पॅनेलबरोबर ओतावा आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच द्यावी. न्हाणीघरात फरशी बसवण्यापूर्वी किमान ४८ तास पाणी साठवून खालचे छत पाहावे. शक्य असेल तिथे संपूर्ण न्हाणीघरच तयार खोक्याच्या रूपात आणावे. सिंगापूरमध्ये ही पद्धत रुळली आहे, आणि गळतीचा मोठा भाग तिथेच संपतो.

उष्णता

पातळ काँक्रीटची भिंत विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, आणि त्या घरात वातानुकूलन परवडणारे कुटुंब राहणार नसते. पश्चिमेच्या भिंती सावलीत आणाव्यात किंवा तिथे जिना व साठवणीची जागा ठेवावी. बाहेरच्या पॅनेलमध्ये मधोमध उष्णतारोधक थर घालावा, गच्चीवर परावर्तक लेप किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत आणि प्रत्येक खोलीला दोन दिशांनी हवा मिळेल असे पाहावे. इको निवास संहिता २०१८ मध्ये भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा आहे. निविदेतच ती बंधनकारक करावी.

पैशाचे गणित

घराच्या किमतीत जमीन, पायाभूत सुविधा, व्याज आणि कर यांचा वाटा मोठा असतो. कारखाना मुख्यतः सांगाड्याच्या खर्चाला आणि वेळेला हात घालतो. खरी बचत लवकर ताबा मिळाल्याने वाचलेल्या व्याजात आणि कुटुंबाच्या वाचलेल्या घरभाड्यात असते. परवडणाऱ्या घरांना लागू असलेल्या १ टक्का जीएसटीत आधीच्या खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे बाहेरून विकत घेतलेल्या तुकड्यांवरचा कर खर्चातच राहतो. जागेवरच्या तात्पुरत्या यार्डात ओतण्याशी तुलना करताना कर सल्लागाराकडून हा फरक आधी काढून घ्यावा. करारात आणखी एक कलम हवे. पारंपरिक बिले जागेवरील प्रगतीनुसार निघतात, पण येथे इमारत दिसण्याआधीच निम्मा माल यार्डात तयार असतो. तपासून क्रमांक दिलेल्या तुकड्यांपोटी टप्प्याने पैसे देण्याची तरतूद नसेल, तर कारखान्याचे खेळते भांडवल आटते आणि त्याचा पहिला परिणाम गुणवत्तेवर होतो. पहिली इमारत नमुना म्हणून पूर्ण करून, एका पावसाळ्यातून तिला जाऊ देऊन, मगच उरलेल्या साच्यांवर खर्च करण्याची मुभा वेळापत्रकात ठेवावी.

ताबा देताना

रहिवाशांच्या संस्थेकडे प्रत्येक मजल्याचा असा नकाशा द्यावा, ज्यात भार वाहणाऱ्या भिंती, सांध्यांच्या जागा आणि भिंतीतल्या विजेच्या नळ्या स्पष्ट दाखवलेल्या असतील. कोणती भिंत कधीही फोडायची नाही, खिळा किंवा ड्रिल कुठे चालेल, एसीचे भोक कुठून काढावे आणि सीलंट किती वर्षांनी तपासावे, हे मराठीत, चित्रांसह लिहिलेले पत्रक प्रत्येक कुटुंबाच्या हाती द्यावे आणि त्याची एक प्रत जिन्याखालच्या फलकावर कायम लावावी. ग्राउटच्या नोंदी, क्यूबचे निकाल आणि सांध्यांची छायाचित्रेही त्याच वेळी संस्थेच्या दप्तरात जमा करावीत. दोन पावसाळे संपेपर्यंत ठेकेदाराच्या रकमेचा ठरलेला हिस्सा राखून ठेवावा, आणि प्रत्येक पावसाळ्याअखेरीस सर्व घरांची गळतीची पाहणी संस्थेच्या प्रतिनिधीसमक्ष झाल्यावरच तो टप्प्याने मोकळा करावा.